पिंढरीतला ऑक्सिजन

साताऱ्यात ज्याला दुसरं काही सुचत नाही तो ॲकॅडमी काढतो. रिटायर झालेला फौजी आठ दिवस घरी बसला की कंटाळतो, बाजारातून शिट्टी आणतो आणि पहाटे उठून दुसऱ्यांच्या पोरांना शिव्या घालायला लागतो. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते निदान पळणाऱ्याकडे बघून शिव्या घालतात. मला जे सर भेटले, ते पळणाऱ्याकडे बघतच नसत.

मी मेढ्याची. शाळेत असल्यापासून पळण्यात तालुक्याला पहिली येत आले होते. बारावी झाली आणि पुढं काय, याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं. साताऱ्याच्या एका ॲकॅडमीत धावणाऱ्या मुलींसाठी एक जागा निघाली होती. राहणं, खाणं, बूट, कॉलेज, सगळं त्यांच्याकडून. ती मिळाली तर मी पळणार होते. नाही मिळाली तर मामाच्या बेकरीत गल्ल्यावर बसायचं, हे माझ्यादेखतच ठरलं होतं. मामाने माझ्यासाठी उंच स्टूलसुद्धा करून घेतलं होतं. त्या स्टुलाचा मला जितका राग यायचा, तितका अजून कुठल्या माणसाचाही आलेला नाही.

निवडीच्या आदल्या दिवशी फोनवर मेसेज आला. त्यात लिहिलं होतं की आमच्याकडे निवड शास्त्रीय पद्धतीने होते. पिंढरीला एक यंत्र बांधलं जाईल, त्यातला डोळ्याला न दिसणारा प्रकाश आत जाऊन स्नायूत ऑक्सिजन किती आहे ते पाहील. मी आईला वाचून दाखवलं. आईने चूल पुसता पुसता विचारलं, "आत जाऊन बगतो?"

"व्हय."

"मग त्याची नजर तर लयच वाईट आसंल."

मी हसले आणि विसरून गेले. आई विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही दोघी साताऱ्यात आलो. यवतेश्वरच्या घाटाच्या पायथ्याशी सगळ्या मुली जमल्या होत्या, प्रत्येकीबरोबर कुणीतरी होतं. एकटी होती ती फक्त सांगलीकडच्या आष्ट्याची एक मुलगी. वडिलांचं खतं-बियाणांचं दुकान, हंगामाचे दिवस, म्हणून ती एकटीच एसटीने आदल्या दिवशी येऊन नातेवाइकांकडे राहिली होती. आईला एकटी पोर दिसली की तिला खायला घातल्याशिवाय चैन पडत नाही. तिने डबा पुढे केला. ती पोर म्हणाली, "बटाटा चालत न्हाई मावशी, आमी जैन." आईने नुसती चपाती आणि गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला. मग आम्ही तिघी कठड्यावर बसून खाल्लं, एकमेकींचे नंबर घेतले. तिलाही ती जागाच हवी होती. नाही मिळाली तर तीही दुकानात बसणार होती. एकाच जागेसाठी आलेल्या दोन मुली एका डब्यात जेवतात, हे त्या सरांच्या शास्त्रात कुठेच बसत नसावं.

खाऊन झाल्यावर आईने पिशवीतून काजळाची डबी काढली. एरंडेलाच्या दिव्यावर घरीच धरलेलं काजळ, डांबरासारखं काळं. माझी पँट गुडघ्यापर्यंत वर सारली आणि उजव्या पिंढरीच्या फुगीर भागावर अंगठ्याने ठळक तीट लावली. मी म्हटलं, "आवं आई, कानामागं लावतात."

"नजर जितं पडनार तितंच लावाय पायजे." मग तिने आष्ट्याच्या मुलीकडे बघितलं. तिची आई तिथं नव्हती. आईने तिलाही जवळ ओढलं आणि तिच्या पिंढरीवरही तेवढाच मोठा ठिपका दाबला. "तू बी माज्या लेकीसारकीच," म्हणाली.

मग सर आले. पांढरे बूट, ज्यांना कधी घाटातली धूळ लागली नव्हती. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोन. त्यांनी आम्हाला भाषण दिलं. काडेपेटीएवढी काळी डबी वर धरून सांगितलं की, यातून लाल रंगाच्या पलीकडचा प्रकाश स्नायूत शिरतो. रक्तात ऑक्सिजन असेल तर तो एका तऱ्हेने शोषला जातो, नसेल तर दुसऱ्या तऱ्हेने. जेवढा परत येतो तेवढा यंत्र मोजतं आणि फोनवर टक्के दाखवतं. इथपर्यंत ते बरोबर होतं, हे मला नंतर कळलं. पुढचं त्यांचं स्वतःचं होतं. "शर्यतीत कोण पुढं येतं याला महत्त्व नाही. ते एका दिवसाचं असतं. टक्के ज्याचे टिकतात तो खरा खेळाडू. डेटा खोटं बोलत नाही." पालकांनी माना डोलावल्या. इंग्रजी शब्द आला की आमच्याकडे माना आपोआप हलतात.

डब्या थोड्याच होत्या, म्हणून तुकड्या केल्या. आम्ही दोघी शेवटच्या तुकडीत. सरांनी स्वतः वाकून आमच्या पायांना पट्टे बांधले. पाय त्यांच्या हातात होता, तीट त्यांच्या नाकासमोर होती आणि नजर फोनवर होती. जोडणी झाली का, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यांनी डबी बरोबर त्या काळ्या ठिपक्यावर बसवली.

आम्ही पळालो. आष्ट्याची मुलगी पहिल्या वळणापासून पुढे होती. मी जीव खाऊन तिच्या मागे होते, घाटभर मला तिची वेणीच दिसत होती. वर पोचेपर्यंत आमच्यातलं अंतर वाढतच गेलं. ती माझ्यापेक्षा चांगली पळते, याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. वर उभे असलेल्या सगळ्यांनी ते बघितलं. काहींनी टाळ्या वाजवल्या. सर फोनमध्ये डोकं घालून गाडीच्या बॉनेटला टेकून उभे होते.

मग त्यांनी आम्हा दोघींना बाजूला घेतलं. चेहरा असा, जणू कुणाच्या तरी आजाराची बातमी द्यायची आहे. म्हणाले, "तुमच्या दोघींच्या स्नायूंत ऑक्सिजनच टिकत नाही. सुरुवातीलाच तळाला गेला आणि तिथंच राहिला. सॉरी. नाव संध्याकाळी जाहीर होईल, पण तुम्ही थांबायची गरज नाही."

आष्ट्याच्या मुलीने बूट काढून चपला घातल्या, माझ्या आईच्या पाया पडली आणि सांगलीची गाडी मिळते का बघायला स्टँडकडे निघून गेली. मला सरांचं तोंड बघवत नव्हतं. सगळ्यांच्या पुढे आलेली मुलगी डोळ्यांदेखत नापास होते आणि नापास करणाऱ्याला त्यात काही वावगंही वाटत नाही, एवढा निर्ढावलेपणा मी तोवर फक्त लग्नातल्या व्याह्यांमध्ये बघितला होता.

आई मात्र गप्प बसणारी नव्हती. तिला ऑक्सिजन वगैरे कळलं नाही. तिला एवढंच कळलं की लेकीच्या पायाला काहीतरी झालं, असं हा माणूस म्हणतोय. ती सरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "आवं सर, आसं कसं हुईल? चांगली ठसठशीत तीट लावलीया मी. बगा की." आणि तिने पट्टा बाजूला करून माझी पिंढरी त्यांच्यापुढे धरली.

सर बघत राहिले. काजळ पट्ट्याखाली घामाने पसरून तळहाताएवढं झालं होतं. न दिसणारा प्रकाश त्या काजळातच गडप झाला होता. यंत्र माझ्या स्नायूपर्यंत पोचलंच नव्हतं. तरी त्याने पोचल्यासारखे टक्के दाखवले आणि सरांनी ते वाचून दाखवले. कुणी माणूस असता तर म्हणाला असता, मला काही दिसत नाही. यंत्राला तेवढी लाज नसते, आणि या सरांनाही नव्हती.

माफी वगैरे काही नाही. सर आईवरच खेकसले, "अहो ताई, हे काय अडाण्यासारखं? शास्त्राच्या मध्ये असलं काही आणायचं नसतं." मग माझा पाय ओल्या कपड्याने पुसला, मला गाडीने खाली पायथ्याशी सोडलं आणि पुन्हा पळायला सांगितलं. एकटीनेच.

तोवर माझं डोकं तापलं होतं. सकाळचा घाट पायात होता आणि समोर हा माणूस. करायचं तर करा नापास, म्हणत मी रमतगमत चढले. वाटेत एका कठड्यावरच्या माकडाशी दोन शब्दही बोलले. वर आले तर सर फोन माझ्या नाकासमोर नाचवत होते. "बघ! बघ कसा टिकलाय! केवढा साठा आहे हिच्या स्नायूत!" मला हसू आलं. हे हसू आनंदाचं नव्हतं, पण सरांनी ते आनंदाचंच धरलं आणि माझी पाठ थोपटली.

आई म्हणाली, "आनि त्या आष्ट्याच्या पोरीचं काय? तिला बी लावलीया की तीट."

"ती गेली आता," सर म्हणाले.

मी तिथंच फोन लावला. ती गाडीत होती, उंब्रजच्या अलीकडे. मी काजळाचं सांगितलं. मग ती म्हणाली, "उतरते. सरांस्नी म्हणावं थांबा." सर थांबायला तयार नव्हते. आईने त्यांच्या गाडीच्या दाराला पाठ लावून बसकण मारली, तेव्हा थांबले.

ती परत आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोन गाड्यांचे धक्के खाऊन, पाण्याशिवाय. पाय तिने आधीच स्टँडवरच्या नळाखाली घासून घासून धुतला होता, पिंढरी लाल झाली होती. तिने डबी बांधून घेतली आणि पळाली. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. तशी पळणारी मुलगी मी आजवर पुन्हा बघितली नाही. माकडाशी बोलणं वगैरे नाही; ती पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत सगळं ओतून पळत होती, कारण तिला वाटत होतं की आता तरी तिच्याकडे बघितलं जाईल.

सरांनी फोन बघितला. "उतरलाय," म्हणाले. "बराच उतरलाय. हिच्यापेक्षा खूपच कमी." हिच्यापेक्षा म्हणजे माझ्यापेक्षा.

मी म्हटलं, "सर, आम्हाला दोघींना एकत्र पळवा. आत्ता. सकाळी ती माझ्या कितीतरी पुढं होती, सगळ्यांनी बघितलंय."

"तेच तर सांगतोय," सर शांतपणे म्हणाले, "डोळ्यांना वरवरचं दिसतं. हे आतलं आहे."

ती गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. तिने मान वर केली, फोनवरचा आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "व्हय. मला बी वाटायचंच, माझं नुसतं आवसान हाय म्हणून." मला तेव्हा त्या सरांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, एवढंच.

संध्याकाळी माझं नाव जाहीर झालं. जागा मी घेतली. मामाचं स्टूल रिकामं राहिलं. ॲकॅडमीच्या दारात माझा फ्लेक्स लागला, माझ्या तोंडापेक्षा टक्क्यांचा आकडा मोठा. मी तिथं बरीच पळाले, कुठल्याही मोठ्या स्पर्धेत फार पुढं आले नाही, आणि दर वेळी सर म्हणायचे, साठा आहे, बाहेर येत नाहीये. माझ्यात तो नव्हताच, हे त्यांना कधीच सुचलं नाही.

पुढं सांगलीत शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला, तेव्हा हे यंत्र नीट शिकायला मिळालं. तिथल्या बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं की, जोरात पळताना आकडा खाली जाणारच, स्नायू ऑक्सिजन वापरतोय म्हणूनच तो जातो. उन्हाचा, कातडीखालच्या चरबीचा, पट्टा कसा बांधला याचाही त्यात घोळ असतो. एकाच माणसाचा आजचा आकडा त्याच्याच कालच्या आकड्याशी ताडून बघावा. एकाचा घेऊन दुसऱ्याच्या आकड्याला लावू नये. मी वही मिटली. सगळ्यांत खाली आकडा नेणारी मुलगी सगळ्यांत जास्त पळाली होती, आणि रमतगमत गेलेली मी वर राहिले होते. कुठल्याही गुराख्याला काही न शिकता दिसलं असतं ते त्या माणसाने विकत आणलेल्या डबीने झाकून टाकलं होतं.

मी त्याच रविवारी आष्ट्याला गेले. सांगलीहून तासाभराचा रस्ता, इतक्या वर्षांत एकदाही गेले नव्हते. ती दुकानात होती, गल्ल्यावर. अंगाने भरली होती, ओळखलं तिने लगेच. चहा मागवला, आईची चौकशी केली. मी चहा तसाच ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं: आकडा खाली जाणं म्हणजे काय, ऊन म्हणजे काय, माकड म्हणजे काय. आवाज चढला असावा, कारण गिऱ्हाइकं बघायला लागली. म्हटलं, "तो माणूस गाढव होता. त्याला वाचताच येत न्हवतं. तू माझ्यापेक्षा चांगली पळत होतीस, आजही पळशील. कालव्याच्या रस्त्याने उद्या सकाळी चल माझ्याबरोबर."

तिने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर हात ठेवला, आजारी माणसाच्या हातावर ठेवावा तसा.

"तू मनानं चांगली हायस, म्हणून बोलतीस," ती म्हणाली. "सरांचं सोड. त्यांनी एक वेळ पक्षपात केला आसंल. पण मशिनचं आणि माझं काय वैर हुतं का गं?"