अकोल्यात लेकीचा रॉक शो

लेकीच्या बँडनं सूर लावायला गिटारी छेडल्या, तेच पहिलं गाणं समजून मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना साथ द्यायला पुढच्या खुर्च्यांवर कोणी नव्हतंही. मे महिना, संध्याकाळचे सहा, तरी मैदानातली खुर्ची चटके देत होती.

आज लोक आले तर बँड, नाहीतर अमरावतीला बँक परीक्षेचा क्लास, हे लेकीनंच ठरवलं होतं. आले ते भिंतीच्या सावलीत बसले आणि तिसऱ्या गाण्याला उसाच्या रसाकडे निघून गेले. ती रिकाम्या खुर्च्यांपुढे शेवटपर्यंत गायली.

परतताना लेक गाडीत मागे डोळे मिटून बसली होती. बायको हळूच म्हणाली, “घरी गेल्यावर ‘मी म्हणतच होतो’ असं तिले म्हणू नका. मलेबी म्हणू नका.”