शकुनआजीला कोण सांगणार

शेजारच्या शकुनआजीची काळजी मनातून जात नाही. तिचा शेवटचा मुलगा टेकचंद नागपूरला दवाखान्यात अत्यवस्थ आहे, आणि हे तिला सोडून साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

पवनीच्या आमच्या कोष्टीपुऱ्यात या शहाऐंशी सालीही फोन फक्त आमच्याकडे. परवा तिचा नातू भोजराज नागपूरहून फोनवर म्हणाला, "काकू, आजीले सांगू नका. या वयात तिले सोसनार नाही." मी बरं म्हटलं.

आजीने शंभरी गाठली असं सगळे सांगतात. तिला विचारलं तर म्हणते, "मोजनारे मरून गेले, बाई." नवरा गेला. चार मुलं गिरण्यांत कामाला म्हणून बाहेरगावी गेली, ती तिकडेच वारली. बरोबरीने मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका गेल्या. तिला नुसतं 'शकुन' म्हणणारं कोणी उरलं नाही. तरी बाळंतिणी तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा मागायला येतात. बाळाचं पहिलं झबलं त्याचं शिवलं की आयुष्य वाढतं म्हणे. माझ्या मुलासाठी मीही नेला होता. तेव्हा हसत म्हणाली, "ने. पन माह्याइतकं नोको मागू त्याच्यासाठी. कंटाळून जाईल लेकरू."

मला राग आला होता. आता मुलगा होस्टेलवर असतो. पत्र थोडं लांबलं तरी माझा जीव वरखाली होतो. अशी शंभर वर्षं काढायची, या विचारानेच दमायला होतं.

आज संध्याकाळी भाजी द्यायला गेले. ती चरख्याजवळ नुसतीच बसली होती.

"टेकचंदचा फोन आल्ता?"

"नाही, आजी."

"लबाड बोलाले तू कच्ची हायेस." भाजी बाजूला ठेवून म्हणाली, "चौघं गेले तवा मले मांगून सांगतलं. म्हातारीले सोसनार नाही म्हने. सोसाले तं मीच उरली ना? एकाचंही तोंड नाही पाहू देलं."

मी भांडं घेऊन परतले. जेवताना यांना सांगितलं. हे म्हणाले, दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, आपण मध्ये पडू नये. असेल तसंही. पण टेकचंद अजून आहे.

भोजराज उतरलाय त्या घरचा नंबर माझ्याकडे आहे. विचारायचं नाही, सांगायचं: उद्या पहिल्या एसटीने मी आजीला घेऊन येतेय. घर झोपलंय, पण एक्स्चेंजवर कोणी तरी जागं असेल. नागपूरचा ट्रंककॉल आत्ताच लावते.