बायकोच्या नावानं

सरकारी नोकराला मत असतं, पण ते बटण दाबण्यापुरतं. बाकी वर्षभर तोंडाला कुलूप. सरकारच्या कारभारावर पेपरात टीका करायची नाही, असं आमच्या वर्तणूक नियमांत साफ लिहिलंय. नव्या कारकुनांना ते नियम मीच वाचून दाखवतो. त्यामुळं मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

मी लातूरला राहतो आणि एसटीनं रोज एका तालुक्याच्या गावी कामावर जातो. तिथं बदली होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कार्यालयाच्या दारातच मोठा फलक होता: सरकारी कामात अडथळा आणल्यास तुरुंगवास. कुठलं काम किती दिवसांत झालं पाहिजे हे सांगणारी नागरिकांची सनद मात्र कपाटामागं, भिंतीकडं तोंड करून ठेवलेली. म्हणजे माणूस हक्क मागायला आला, की आधी धमकी वाचणार!

एक दिवस एक म्हातारा आला. निराधार योजनेचा त्याचा अर्ज तिसऱ्यांदा परत गेला होता. "कामून वापस केला, तेवढं सांगा," एवढंच त्याचं म्हणणं. ऐकायला कमी येत असल्यामुळं तो मोठ्यानं बोलत होता. साहेब केबिनमधून बाहेर आले आणि फलकाकडं बोट दाखवून म्हणाले, "वाचा ते. आवाज केला तर आत टाकीन." म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. शिपायानं त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली, साहेबांना हात जोडले, शिपायाला जोडले, मलाही जोडले. "चुकलं मायबाप," म्हणाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मी केलं काय? आवक रजिस्टरात पुढची नोंद केली.

घरी आल्यावर मात्र राहवेना. पेपरातल्या वाचकांच्या पत्रांसाठी सगळी हकिकत लिहून काढली. खाली बायकोचं माहेरचं नाव घातलं आणि लातुरातल्याच तिच्या भावाचा पत्ता दिला. तिला विचारलं नाही. बायकोच्या नावानं आपण प्लॉट घेतो, पोस्टात पैसे ठेवतो. म्हटलं, धाडसही तिच्याच नावानं करावं.

पत्र नाव-पत्त्यासकट छापून आलं. मी दोन अंक विकत घेतले आणि दिवसभर मनातल्या मनात फुगून बसलो. तीन दिवसांनी त्याचं कात्रण कोऱ्या कागदावर चिकटवून वरच्या कार्यालयातून आलं, 'तात्काळ खुलासा सादर करावा' असा शेरा मारून. खुलाशाचं टेबल माझंच! साहेब म्हणाले, "तुमची भाषा चांगली आहे, लिहा झकास." मी लिहिलं, सदर तक्रार निराधार आहे. निराधार म्हाताऱ्याची तक्रार निराधार आहे, असं माझ्याच हातानं लिहिलं, आणि साहेबांनी एक शब्दही न बदलता सही केली.

तेवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. पण साहेब पेटले होते. बाईला समक्ष बोलवा, लेखी माघार घेतली तर ठीक, नाहीतर बदनामीचा गुन्हा दाखल करतो, म्हणाले. नोटीस मेव्हण्याच्या घरी गेली आणि त्याचा फोन आमच्या घरी आला. बायको शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. फोन ठेवून तिनं मला विचारलं, "आवं, मी पेपरात काय लिवलंय?"

मी सगळं सांगितलं. ती लई चिडली. जाऊ नको, असं मी म्हणून पाहिलं. "न्हाई गेले तर भावाच्या दारात पोलीस येतील. अन् खरं सांगितलं तर तुमची नोकरी जाईल. आता सांगा, कुठून निघू?"

नोटिशीतल्या तारखेला आम्ही एकाच एसटीनं गेलो, वेगवेगळ्या सीटवर बसून. कार्यालयात तिला कुणी पाहिलेलं नव्हतं. साहेबांसमोर ती खुर्चीत बसली आणि जबाब लिहून घ्यायला मी कागद घेऊन बाजूला बसलो. आधार कार्ड मागायचं काम माझं होतं. ते मी मागितलं नाही. "नाव सांगा बाई," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू येईना. तिनं माहेरचं नाव सांगितलं, वय सांगितलं.

"नवऱ्याचं नाव?" साहेबांनी विचारलं.

माझा पेन थांबला. ती म्हणाली, "आमच्यात नाव घेत न्हाईत, साहेब."

साहेब मोठ्यानं हसले. "राहू द्या. बाईला आता उखाणा घ्यायला लावायचं काय?" मीही हसलो. देवा शपथ, मी हसलो.

मग साहेबांनी मजकूर सांगितला आणि मी तो लिहिला: सदर पत्र मी ऐकीव माहितीवर लिहिले, त्यातील मजकूर खोटा आहे, मी दिलगीर आहे. तिनं कागद सावकाश वाचला. "पर त्या म्हाताऱ्याला हात जोडायला लावले, हे तर खरं हाय ना?"

"तुम्ही बघितलं का?" साहेब म्हणाले.

तिनं माझ्याकडं पाहिलं. बघणारा तिच्यापासून दोन हातांवर बसला होता. 'मी बघितलं' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. पगार, पेन्शन, मुलीची फी, सगळं आठवलं. मी टाचणी शोधायला लागलो.

तिनं सही केली.

घरी आल्यावर मी तिला म्हणालो, मिटलं एकदाचं. चुकलं माझं, असंही म्हणालो. तिनं मशीनवरचं अर्धं ब्लाउज बाजूला ठेवलं.

"लग्नात तुम्ही तांदळात अंगठीनं माझं नवं नाव लिवलं. ते मी घेतलं, वापरलं, कधी काही म्हणले न्हाई. पहिलं माझ्या बापानं ठेवलेलं. तेवढंच माझं म्हणून राहिलं होतं. त्या नावानं मी कधी कुणाशी खोटं बोलले न्हवते." तिचा आवाज चढला नाही, तेच मला सोसेना. "आज तेच खोटारडं झालं. तुमच्या अक्षरात."