नाही समजलं, फिरून सांग

पुण्याची बस सुटायला आली होती आणि बाबा खिडकीखाली उभे राहून विचारत होते, "ते एम.एड. म्हणजे काय शिकवतात, ते एकदा सांग बरं." ड्रायव्हरने इंजिन चालू केलेलं. आईने दराबा मिठाईचा डबा खिडकीतून माझ्या मांडीवर ढकलला आणि बाबांवर डाफरली, "अहो, गाडी निघाली! आता काय स्टँडवर क्लास भरवता?"

मी घाईघाईने म्हणाले, "मास्तरांनी कसं शिकवायचं, ते शिकवतात, बाबा."

त्यांनी कानामागे हात धरला. "नाही समजलं, फिरून सांग."

बस हलली. मी ओरडून पुन्हा सांगितलं, पण त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, कळलं नाही. बुऱ्हाणपूर सोडतानाची ही माझी शेवटची आठवण. रडणं वगैरे नंतर, आम्ही दोघी-तिघी जणी होस्टेलच्या खोलीत बसलो तेव्हा.

तुम्ही जे बुऱ्हाणपुरातच राहिलात, त्यांना बाबांचं ते वाक्य माहीतच आहे. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्यासाठी सांगते. बाबा चौथी शिकलेले. कापडाच्या गोदामात गाठी बांधायचे. आमच्या गल्लीत दिवसभर पावरलूमची खटखट, त्यामुळे आम्ही सगळेच मोठ्याने बोलणारे. संध्याकाळी ते ओट्यावर बसायचे आणि शाळेत काय झालं ते मी त्यांना शिकवायचं, असा घरचा नियम. अपूर्णांक असो, फुलाचे भाग असोत, पानिपत असो. कळलं नाही तर ते सरळ म्हणायचे, "नाही समजलं, फिरून सांग." तिसऱ्यांदा सांगताना बऱ्याचदा माझ्या लक्षात यायचं की मलाच नीट कळलेलं नाही. मग दुसऱ्या दिवशी बाईंना विचारायचं आणि संध्याकाळी ओट्यावर पुन्हा हजर.

समोरचे रशीदचाचा लूमवरून घरी येताना टोमणा मारायचे, "अरे भाई, लड़की का गला सूख गया. अब तो पास कर दे!"

"समझा ही नहीं तो पास कैसे करूं?" बाबा म्हणायचे. त्यांना त्यात जराही लाज वाटायची नाही. आमच्या घरात पहिली पदवी माझी आली, ती त्या ओट्यावरून आली. हे उपकार मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

आता इकडचं सांगते.

मी पुण्यातल्या एका विद्यापीठात नोकरीला लागले. विभागाचं नाव 'अध्यापन नवोपक्रम व प्राध्यापक विकास केंद्र'. नाव वाचून मला वाटलं, हे देवाने माझ्यासाठीच उघडलंय. प्राध्यापकांना शिकवण्याच्या नव्या पद्धती द्यायच्या, त्यांच्या अडचणी ऐकायच्या, यापेक्षा चांगलं काम जगात कोणतं?

केंद्रात काचेची भिंत असलेला एक वर्ग आहे. खुर्च्यांना चाकं, भिंतीवर मोठे स्क्रीन, खाली गालिचा. त्या वर्गात वर्ग भरत नाही. तपासणीची समिती येणार असेल तेव्हाच तो उघडतो, आणि तेव्हाही बाहेर चपला काढून आत जावं लागतं. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही, कारण खुर्च्या खराब होतील. शिकण्यामुळे खुर्च्या खराब होतात, हे मला इथे येऊन कळलं.

कार्यशाळा मात्र सारख्या होतात. आधी दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग पन्नाशीचे प्राध्यापक उभे राहून टाळ्या वाजवत एकमेकांकडे चेंडू फेकतात, त्याला ऊर्जा निर्माण करणं म्हणतात. मग रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायच्या, त्यांच्यासमोर फोटो काढायचा. जेवणानंतर निम्मं सभागृह रिकामं. 'विद्यार्थ्यांना प्रश्न विचारू द्या' या विषयावर एक पूर्ण दिवसाची कार्यशाळा झाली होती. सत्कार लांबल्यामुळे प्रश्नोत्तरांना वेळ उरला नाही. याचं कुणालाही काही वाटलं नाही. आभार मानणाऱ्यांनी तर "आज आपण संवादाचं महत्त्व अनुभवलं" असं म्हणून टाकलं.

एरवी वेळ उरला तर प्रश्नांची व्यवस्था मी करायची. म्हणजे असं, की पाहुण्यांना अडचण होऊ नये म्हणून प्रश्न आधी तयार करायचे, पाहुण्यांना कळवायचे आणि ठरलेल्या चार जणांना वाटून द्यायचे. ते चार जण हात वर करतात, पाहुणे "फारच मार्मिक प्रश्न" म्हणतात, सगळे माना हलवतात. इतकी वर्षं मी या माना बघते आहे. डॉक्टरेट झालेल्या, परदेशात जाऊन आलेल्या, पुरस्कार घेतलेल्या माना. एकदाही, एकाही माणसाच्या तोंडून 'मला समजलं नाही' हे तीन शब्द मी ऐकले नव्हते. चौथी शिकलेल्या माणसाला जे रोज संध्याकाळी सहज जमायचं, ते या लोकांना जन्मात जमत नाही, आणि इतरांना शिकवायला मात्र हेच नेमलेले.

गेल्या वर्षी सुरेखा मॅडमची पाळी आली. त्या नंदुरबारकडच्या. तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवतात, म्हणजे जेवढे तास घेतील तेवढंच मानधन, आणि नेमणूक दर सत्राला नव्याने. एकट्याच मुलीला घेऊन भाड्याच्या खोलीत राहतात. पुढच्या सत्राचे तास मिळावेत यासाठी केंद्रासमोर नमुना पाठ द्यावा लागतो. आमच्याकडची पद्धत अशी, की त्या पाठाला विद्यार्थी बोलवत नाहीत. वरिष्ठ प्राध्यापकच विद्यार्थी होऊन बसतात. पाठ देणाऱ्याने "समजलं का?" म्हणायचं, यांनी "हो मॅडम" म्हणायचं, स्लाइड पुढे सरकवायची.

सुरेखा मॅडमनी फळ्यावर एक उदाहरण सोडवलं आणि विचारलं, "कुणाला समजलं नाही?"

कुणी हललं नाही.

"मग सर, तुम्ही सांगा," त्या पहिल्या रांगेतल्या एका विभागप्रमुखांना म्हणाल्या.

ते हसले. "मॅडम, आम्ही फक्त विद्यार्थ्यांचा रोल करतोय."

"हो ना सर. म्हणून तर विचारतेय."

त्यांना सांगता आलं नाही. शेजारच्यांनाही नाही. मॅडमनी शांतपणे फळा पुसला आणि दुसरं उदाहरण घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. वेळ संपली. स्लाइड तशाच राहिल्या, चेंडूचा खेळ झालाच नाही. विभागप्रमुखांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

दोन दिवसांनी बैठक. केंद्राचे संचालक म्हणाले, "सुरेखा मॅडमच्या पाठात लर्नर एंगेजमेंट अपेक्षित पातळीवर नव्हती. सबब पुढच्या सत्रासाठी शिफारस नाही." सगळ्या माना हलल्या. विभागप्रमुखांची जरा जास्तच.

माझ्या डोळ्यांसमोर मॅडमची ती भाड्याची खोली आली, त्यातली वह्या घेऊन बसलेली मुलगी आली. आणि मी बोलून गेले, "मला नाही समजलं, सर. फिरून सांगा."

आवाज गल्लीतला निघाला, पावरलूमच्या वर जाणारा. चहा देणारे मामाही थबकले.

संचालक समजुतीने हसले. "म्हणजे विद्यार्थी इन्व्हॉल्व्ह झाले नाहीत."

"विद्यार्थी कोण होते, सर?"

"म्हणजे... आपणच सगळे."

"मग आपल्यातलं कोण इन्व्हॉल्व्ह झालं नाही?"

विभागप्रमुख कपात बघायला लागले. संचालकांनी तेच पुन्हा सांगितलं, या वेळी पॅराडाइम घालून. मी म्हणाले, "अजून नाही समजलं." मला उद्धटपणा करायचा नव्हता. खरंच समजलं नव्हतं, कारण त्यात समजण्यासारखं काही नव्हतंच. तेवढ्यात इतिवृत्त लिहिणारे कुलसचिव कार्यालयातले गृहस्थ पेन खाली ठेवत म्हणाले, "सर, कारण काय लिहू? खरं सांगायचं तर मलाही नीट समजलेलं नाही." मग कोपऱ्यातून आणखी एक मॅडम पुटपुटल्या, "मलापण."

संचालकांनी विषय पुढे ढकलला. पुढे ढकललेला विषय आमच्याकडे परत कधी येत नाही. सुरेखा मॅडमचे तास चालू राहिले, कारण ते बंद करण्याचं कारण कुणालाच वाक्यात मांडता आलं नाही.

मॅडम दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या. "तुम्ही कुठल्या हो?"

"बुऱ्हाणपूरची."

"तरीच. कॉरिडॉरपर्यंत ऐकू येत होतं म्हणे."

महिन्याभरात माझी बदली परीक्षा विभागात झाली, तळघरात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांशेजारी. संचालकांनी निरोपाला गुलाबाचं फूल दिलं आणि म्हणाले, "तुमच्या क्षमतेला तिथे अधिक वाव आहे." माना हलल्या.

या दिवाळीत घरी गेले. पुण्याहून येताना आता मी तिथलेच शब्द बोलते, 'ॲक्च्युअली' म्हणते, आणि आई म्हणते, "हिची जीभ वाकडी झाली." गल्लीतले बरेच लूम बंद पडलेत, रशीदचाचा थकलेत. मुलाच्या आधाराने दारात बसतात. बाबांना कमी ऐकू येतं. तरी संध्याकाळी ओट्यावर बसलो तेव्हा त्यांनी विचारलंच, "बदली काहून झाली तुझी?"

मी सगळं सांगितलं. केंद्र, काचेचा वर्ग, नमुना पाठ, लर्नर एंगेजमेंट. ते कानामागे हात धरून ऐकत होते.

"म्हणजे मास्तरच पोरं बनून बसले?"

"हो."

"आणि त्यांना भी समजलं नाही?"

"नाही."

"मग ते बोलले काहून नाही?"

समोरून रशीदचाचा बारीक आवाजात म्हणाले, "अब तो पास कर दे, भाई. इतनी दूर से आई है."

पुण्यात माझा फ्लॅट आहे, रेशनकार्ड आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पण जिथे माझं बोलणं कळलं नाही तर माणूस मान हलवत नाही, थांबवतो, असा एवढाच एक ओटा मला माहीत आहे.

बाबांनी हात कानामागून काढला नव्हता. "नाही समजलं," ते म्हणाले. "फिरून सांग."

मी पाय वर घेऊन बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.