जपानी तव्यासमोर सासूबाई

जपानी जेवायला जायची टूम माझ्या मुलीची. बारावीचा निकाल मनासारखा लागला, तेव्हा तू म्हणशील तिथे जेवायला नेऊ, असं आम्ही कबूल करून बसलो होतो. पनवेलात महामार्गालगत नवीन हॉटेल निघालं होतं. तिथे स्वयंपाकी आपल्यासमोर उभा राहून भल्यामोठ्या तापलेल्या लोखंडी पत्र्यावर रांधतो आणि त्याला तेप्पान्याकी म्हणतात, हे तिने आठवडाभर आमच्याकडून घोकून घेतलं. माझा नवरा म्हणाला, "तव्यावरच भाजणार ना? मग घरचा तवा काय वाईट आहे?" आमच्या घरात नव्या गोष्टीचं स्वागत हे असं.

खरा प्रश्न सासूबाईंचा होता. त्या येतील का, आणि आल्या तर खातील काय?

उलव्याकडच्या गावातलं त्यांचं घर विमानतळाच्या कामात गेलं, तेव्हापासून त्या नवीन पनवेलला आमच्याकडे असतात. पहिली काही वर्षं आमचं फारसं पटलं नाही. त्यांनी बोंबील तळले की वास लिफ्टपर्यंत जातो म्हणून मी खिडक्या आपटत उघडायची. गॅलरीत त्या मिश्रीसाठी तंबाखू भाजायच्या, मग रोज सकाळी ती काळी पूड हिरड्यांना लावून तासभर बसायच्या. त्यावरूनही मी बोलायचे. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा स्वभावच आहे.

मग दोनेक वर्षांपूर्वी त्यांनी उपास धरायला सुरुवात केली. आधी सोमवार, मग गुरुवार, चतुर्थी, एकादशी, पुढे शनिवारही. साबुदाण्याची खिचडी नको, मिरची नको, निव्वळ दूध आणि कुस्करलेलं केळं. नातीच्या बारावीसाठी म्हणून मासेही सोडले. आगरी घरातली म्हातारी मासे सोडते म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. मला तर कौतुकच वाटलं. कौतुक आणि सोय दोन्ही, खरं सांगायचं तर. एक ताट कमी लागायचं, घराला माशांचा वास नाही. शेजारणींना मी दारात उभी राहून सांगायचे, "आमच्या आईंचा उपास फार कडक हो, नुसत्या दुधावर असतात." बायका मुद्दाम त्यांच्या पाया पडायला यायच्या. त्यांचे गाल बसत चालले होते. आम्ही म्हणायचो, चेहऱ्यावर तेज आलंय.

तर त्या रविवारी दुपारी नातीच्या हट्टापायी त्या आल्या. पत्र्याभोवतीच्या उंच खुर्चीवर त्यांना दोघांनी धरून बसवलं. पत्रा बघून त्या हसल्या. "अगो बाय, एवरा मोटा तवा! आख्ख्या गावची मिश्री भाजून व्हईल याच्यावर."

स्वयंपाकी उंच टोपी घालून आला, वाकून जपानीत काहीतरी म्हणाला आणि निघाला महाडचा. आमचं मराठी ऐकल्यावर त्याची गाडी जी सुटली ती थांबेना. त्याने कांद्याच्या चकत्या एकावर एक रचून मधून जाळ काढला, दोन्ही हातांतली उलथनी एकमेकांवर वाजवली, अंडं उलथन्यावर नाचवलं. मग त्याचा ठरलेला खेळ सुरू झाला. त्याने उलथन्याने घास उडवायचा आणि गिऱ्हाइकाने आ करून तो झेलायचा. मुलीने पहिल्या फटक्यात झेलला. नवऱ्याच्या चष्म्यावर कोळंबी आपटली. मीसुद्धा झेलला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून खूश झाले.

सासूबाई मासे खात नाहीत, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. "आता आजी. आजींना रताळं देतो, रताळं चालतं ना?" भाजलेल्या रताळ्याचा तुकडा उडाला, सासूबाईंच्या ओठांवर आपटला आणि पदरात पडला. सगळे हसले.

"आजी, मोठा आ करा!"

दुसराही दातांवर आपटून पडला. समोरच्या बाजूला बसलेलं अनोळखी कुटुंबही आता "आजी, आजी" करायला लागलं. मुलीने मोबाइल धरला होता. सासूबाई ओठ मिटून हसत मान हलवत होत्या, नको म्हणत होत्या. मला त्यांच्या संकोचाचा राग आला. चार माणसांत कुठे आलोय आणि हे काय! मी मोठ्याने म्हणाले, "अहो आई, लाजताय काय एवढ्या? उघडा की तोंड!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तोंडापुढे पदर धरून हळूच म्हणाल्या, "तोंड उघरत नाय, बाय."

मी पदर बाजूला केला. उघडून दाखवा म्हटलं. त्यांनी सगळा जोर लावला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये माझी करंगळीसुद्धा गेली नसती. एका गालाच्या आत पांढरं, खरबरीत काहीतरी दिसलं. स्वयंपाक्याचे हात थांबले. पत्र्यावर भात करपायला लागला तेव्हा कोणीतरी त्याला हाक मारली.

डॉक्टरांनी तपासून, तुकडा काढून, आठवड्याने सांगितलं की कॅन्सर आहे आणि जबड्यापर्यंत गेला आहे. म्हणाले, "हे काल-परवाचं नाही. तिखट झोंबत असणार, चावता येत नसणार. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?" मी सांगितलं की त्यांचे उपास असायचे. डॉक्टरांनी ते कागदावर लिहिलंसुद्धा नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटीच त्यांच्या खाटेजवळ होते. बोलणं नंतर पहिल्यासारखं राहणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मी विचारलं, "आई, एकदा तरी सांगायचं होतं. दोन वर्षं कशाला लपवलंत?" आवाज चढलाच माझा.

चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत त्या म्हणाल्या, "आदी वाटला, उष्णता हाय. दोन दीस दूध घेतला. तू शेजारनींना सांगाचीस, आमच्या आईंचा उपास लय करक. बरा वाटाचा मना. या घरान माजा कवतिक त्याच्या आदी कवा झाला व्हता?"

माझ्या अगदी तोंडी आलं होतं की आई, तुमच्या हातचं कालवण मला अजून जमत नाही. खरंच जमत नाही. पण दुसऱ्या दिवशी जिचा जबडा कापायचा, तिला ते आज कोणत्या तोंडाने सांगू?

कालवणाचं ते मी ऑपरेशननंतर सांगितलं, घरी आणल्यावर, नळीतून दूध घालताना. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. मी तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी हातानेच 'जाऊ दे' केलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.