पेटीतलं विश्व आणि तारापूरचा ठसा

संगणकातल्या एका चौकोनी पेटीत विश्व घडवणं हे माझं काम. त्या विश्वात दोन दीर्घिकासमूहांना जोडणारा वायूचा एक सरळ, बारीक पूल मला सापडला होता आणि तीन वर्षांच्या पीएचडीची सगळी भिस्त त्याच्यावर होती. शोधनिबंध छापायला पाठवला, तरी झोप येईना. मैत्रीण नीलम म्हणाली, "आमच्या तारापूरला चल." निघाले.

पुण्याहून मुंबई, तिथून डहाणूची गाडी. पालघर मागे पडलं, उमरोळीला ताडाची झाडं उन्हात पेंगत होती, मीही पेंगले. बोईसरला शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाई असेल तर जाऊच नका.

तारापूरला ओहोटी होती. समुद्र इतका आत गेलेला की ओल्या वाळूवर आपण आभाळातच चालतोय असं वाटावं. घरी नीलमच्या आईने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. मी लाजबिज न धरता तीन भाकऱ्या हाणल्या.

नीलमचे बाबा दागिन्यांच्या डाय कोरतात. पोलादात उलटी नक्षी कोरायची, सोनार तीवर सोन्याचा पत्रा दाबतो. काकांनी पानाच्या नक्षीची नवी डाय प्रेसमध्ये ठेवून शिशावर तीन ठसे काढले. तिन्ही पानांच्या मधोमध एक नाजूक रेष उमटली.

"काय सुंदर शीर कोरलीय!" मी म्हटलं.

"मी नाय कोरली ती."

"पण प्रत्येक ठशात येतेय की."

"येईलच ना. दाबणारी प्रेस तीच हाय. सोनाराकडं असाच ठसा गेला तर आमचं नाव जाईल."

त्यांनी डाय काटकोनात फिरवून पुन्हा दाबली. पान फिरलं. रेष मात्र होती तिथेच, पानाला आडवी छेदून गेलेली.

"डायची असती तर डायबरोबर वळली असती," काका म्हणाले.

मीही पूल वीस वेळा पाहिला होता, पण दरवेळी पेटी तशीच सरळ ठेवून. आणि तो नेमका पेटीच्या कडेला समांतर होता!

पुण्यात परतल्यावर मी विश्व पेटीत तिरकं करून पुन्हा चालवलं. चार दिवसांनी चित्र आलं. दीर्घिकासमूह वळले होते, त्यांच्यामध्ये काळोख होता; पूल पेटीनेच काढला होता. फार रडू आलं. तो पूल मला खरंच आवडायचा.

मग माझ्या मार्गदर्शक सरांना फोन करून सगळं सांगितलं. सर म्हणाले, "निबंध मागे घ्यावा लागेल."

"सकाळीच घेतला, सर," मी म्हटलं.