सूनबाईंनी कापलेला एक्सल

धक्क्यावर तिला सगळे सूनबाई म्हणत. सासरे शेडमधून तिला याच नावाने हाक मारत, आणि त्यांचा आवाज असा की पार भरतीच्या रेषेपर्यंत पोचायचा. त्यामुळे तिच्यापेक्षा वयाने मोठे खलाशीसुद्धा "सूनबाई, ट्रेलरचं चाक कुरकुरतंय, बघता का जरा" म्हणत. आधी तिला याचा राग यायचा. मग तिने ते सोडून दिलं. राग करायला जगात बाकी पुष्कळ गोष्टी होत्या आणि त्यातल्या बहुतेक गंजलेल्या अवस्थेत तिच्याच दारात येत होत्या.

लग्न होऊन ती आली तेव्हा नवरा जहाजावर इंजिनाच्या कामाला होता. वर्षाचे बरेचसे महिने तो पाण्यावरच. सासू कधीच गेलेली, नणंद लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे. घरात ती आणि सासरे. घराच्या मागच्या भिंतीला लागून सासऱ्यांची शेड होती. तिथे बोटी ओढायचे ट्रेलर दुरुस्त होत. दिवसभर भिंतीपलीकडून हातोडीचे घाव ऐकून कान किटले, तशी एक दिवस ती पदर खोचून शेडच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काय हवंय?" सासऱ्यांनी वर न बघताच विचारलं.

"काम."

"घरात नाही का?"

"संपलं."

दुपारपर्यंत ही पळून जाईल अशा हिशोबाने त्यांनी तिला शेडमधलं सगळ्यात घाणेरडं काम दिलं. समुद्रात बुडून आलेल्या चाकाचं बेअरिंग धुवायचं. खारं पाणी शिरलं की ग्रीसचा पांढुरका चिकट लगदा होतो आणि त्याला कुजल्यासारखा वास मारतो. तिने ते रॉकेलमध्ये धुतलं, चिंधीने पुसलं, उजेडात धरून बोटाने फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "मामंजी, यातली एक गोळी खरवडली गेलीय."

सासऱ्यांनी चष्मा लावून पाहिलं. "हं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी हातमोजे आणून ठेवले.

त्यांनी तिला सगळं शिकवलं. कौतुक कधी केलं नाही, पण हातचं राखूनही काही ठेवलं नाही. ट्रेलर रस्त्यावरून पळत आला की चाकं तापलेली असतात, तसाच पाण्यात लोटला की चाकाचा मधला हब एकदम गार पडतो, आतली हवा आकसते आणि रबरी सीलच्या फटीतून समुद्र आत ओढला जातो, हे तिला त्यांनीच सांगितलं. ती ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. चाकं निवू द्या, मग पाण्यात घाला. बाहेर काढलं की गोड्या पाण्याने धुवा, दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलच्या खालूनसुद्धा. गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि पुढच्या मोसमात तेच चाक घेऊन यायची.

एकदा एक जण म्हणाला, "मिस्त्री कुठे आहेत?"

"समोर उभ्या आहेत."

"मोठे मिस्त्री म्हणतोय मी."

"ते जेवतायत. त्यांचं जेवण होईपर्यंत तुमचं चाक बसवून होईल. थांबायचं असेल तर थांबा."

चाक बसलं. तो माणूस नंतरही येत राहिला, पण मोठ्या मिस्त्रींची चौकशी त्याने परत केली नाही.

आता बंदरात एक बचावबोट होती. समुद्रात कोणी अडकलं की गावातलीच माणसं ती घेऊन जायची. तिच्या ट्रेलरवर सासऱ्यांचा फार जीव. कारण तो त्यांनी स्वतः, उमेदीच्या वयात, एकट्याने बनवला होता. त्याआधी ती बोट माणसं हाताने ओढून पाण्यात नेत, आणि अशाच एका ओढाओढीत वेळ गेला आणि समुद्रात अडकलेला सासऱ्यांचा धाकटा भाऊ हाती लागला नाही. तो गेला त्या वर्षीच हा ट्रेलर तयार झाला. दर वर्षी मोसमाच्या तोंडावर सासरे त्याला भगभगीत नारिंगी रंगाचा हात देत. त्याला हात लावायची परवानगी सूनबाईंनाही नव्हती.

पण सासऱ्यांचे गुडघे गेले. खाली वाकणं जमेना. त्या वर्षी त्यांनी नाइलाजाने तिला सांगितलं, "चाकांना ग्रीस भर. बाकी कशात नाक खुपसू नकोस."

बोट उतरवून लाकडी ओंडक्यांवर ठेवली होती. ट्रेलर लोखंडी घोड्यांच्या टेकूवर चढवून ती खाली सरपटत गेली. वर्षानुवर्षांच्या रंगाने एक्सलचा पाइप चांगला गुबगुबीत झाला होता. तिने सवयीने त्यावर हातोडी वाजवत नेली. टण, टण, टण. आणि धक्के झेलणाऱ्या कमानीचे पाटे जिथे एक्सलवर बसतात तिथे आवाज बदलला. बद्द. तिने परत वाजवलं. परत बद्द.

ती बाहेर आली. "मामंजी, एक्सल आतून गेलाय."

"वरून जरा खाल्ला असेल. घासून रंग लाव."

"वरून नाही. आतून पोकळ झालाय."

"पाइप आहे तो. पोकळच असणार."

याच्यावर तिला हसू आलं, पण सासरे हसत नव्हते. त्यांनी खुर्ची ट्रेलरपाशी ओढून घेतली आणि दारावर राखणदार बसावा तसे बसले.

दुपारी बचावबोटीचा कप्तान आला. उद्या सकाळी सरावाला बोट काढायची होती. त्याने दोघांचंही ऐकून घेतलं आणि सासऱ्यांकडे वळला. "तुम्ही म्हणाल तसं."

"उद्या घेऊन जा," सासरे म्हणाले.

"आवाजावरून सांगताय का तुम्ही, सूनबाई?" कप्तानाने विचारलं. "नुसत्या आवाजावरून?"

"हो."

"मग माझा त्यांच्या हातावर जास्त विश्वास आहे," म्हणून कप्तान निघून गेला.

धक्क्याचा उतार तिच्या डोळ्यांसमोर आला. ट्रॅक्टर, त्यामागे ट्रेलर, त्यावर बोट, आणि दोन्ही बाजूंना धरून चालणारी माणसं. चाक निखळलं तर बोट कोणत्या बाजूला कलंडेल आणि त्या बाजूला कोण असेल, एवढाच प्रश्न होता. तिने चष्मा चढवला आणि ग्राइंडर उचलला.

"काय करतेस?" सासऱ्यांनी विचारलं.

"कापते."

"त्याला पातं लावलंस तर या शेडमध्ये पुन्हा पाय ठेवायचा नाही."

"पायाचं नंतर बघू, मामंजी. आधी चाकाचं."

आणि तिने ग्राइंडर सुरू केला. ठिणग्या शेडभर उडाल्या, रंग जळल्याचा वास पसरला. बद्द आवाजाची जागा पाट्यांखाली होती, म्हणून तिने पातं शेजारीच टेकवलं. पाइप आरपार कापला गेला, तेव्हा तिने मशीन बंद केलं आणि कापलेल्या तोंडात बोट घातलं. लोखंड जाड होतं. निकोप, चकचकीत.

सासरे खुर्चीतून उठून, काठी टेकत कसेबसे वाकले. त्यांनी पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. "हे तुझं पोकळ," ते म्हणाले.

बचावबोटीचा ट्रेलर तिने भरदिवसा चांगल्या जागी कापून ठेवला होता. इथे थांबली तर आयुष्यभर मान खाली घालून वावरावं लागणार हे तिला दिसत होतं. तिने पाट्यांचे बोल्ट सोडवले, ते बाजूला केले आणि जिथून बद्द आवाज आला होता तिथे पुन्हा पातं टेकवलं. या वेळी ते लोण्यात शिरावं तसं शिरलं. तुकडा फरशीवर पडला आणि त्यातून तपकिरी पाणी, वाळू आणि पापुद्रेच पापुद्रे बाहेर आले. पाइपची भिंत तिथे जेमतेम पत्र्याएवढी उरली होती. बाहेरचा रंगच तिला धरून होता.

सासऱ्यांनी काठी घेतली आणि ते घरात गेले.

त्या दिवसापासून त्यांनी अबोला धरला. नणंद धावत आली. "माफी माग त्यांची. म्हातारा माणूस आहे."

"कशाची माफी, वन्सं?"

"कापलंस त्याची."

"ते मी उद्या परत कापीन."

"निदान न विचारता कापलंस त्याची तरी."

"विचारलं होतं. ते नाही म्हणाले."

नणंदेने कपाळावर हात मारला आणि चहा न घेताच गेली.

नवा एक्सल व्हायच्या आतच एका संध्याकाळी भोंगा वाजला. मासेमारीची एक नाव इंजिन बंद पडून खडकांकडे वाहत चालली होती. बोट होती, माणसं होती, ट्रेलर नव्हता. धक्क्यावर जमलेली माणसं ऐकू जाईल इतपत आवाजात बोलत होती आणि बोलण्याचा विषय एकच होता. सूनबाई खाली मान न घालता त्यांच्यातून पुढे गेली आणि तिने बोटीचा दोर खांद्यावर घेतला. ओढाओढी सुरू झाली. बोट एका बाजूला सरकायची, मध्येच रुतायची. कोणाचाच मेळ बसेना.

तेवढ्यात मागून तो आवाज आला, भरतीच्या रेषेपर्यंत पोचणारा. "आधी ओंडके. आडवे टाका. मागचा निघाला की पळत पुढे आणा. आणि मी सांगेन तेव्हाच ओढायचं."

हाताने बोट ओढलेली ज्याला आठवत होती असा तिथे तो एकच माणूस उरला होता. सासरे काठी टाकून आले आणि त्यांनी तिच्याच दोराला, तिच्या मागे, हात घातला. तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. "ओढा," ते म्हणाले. बोट हलली. "ओढा." त्यांचा श्वास तिला मानेवर लागत होता. बोट पाण्याला लागली तेव्हा दोघांच्याही हातांची सालं निघाली होती.

नावेवरची सगळी माणसं परत आली, गारठलेली पण धडधाकट. कप्तान भिजलेल्या कपड्यांनिशी सरळ तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "आज उशिरामुळे कोणी गेलं असतं तर?"

"तर माझ्यावर आलं असतं," ती म्हणाली. "आणि उतारावर एक्सल मोडून ही बोट तुमच्या माणसांवर आली असती तर कोणावर आलं असतं? तुम्ही तर हातावर विश्वास ठेवून घरी गेला होतात."

कप्तानाने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे समुद्राकडे पाहत होते.

नवा एक्सल तिने पाइपचा केला नाही. भरीव लोखंडाचा केला. गंजला तर बाहेरून गंजेल, डोळ्यांदेखत. कमानीचे पाटे बसायच्या बैठका जोडून तिने तो गंज रोखायला वितळलेल्या जस्तात बुडवून आणला. शिवाय उताराच्या डोक्याशी तिने स्वतः खणून गोड्या पाण्याचा नळ ओढला. बंदराच्या कारकुनाने विचारलं, परवानगी कोणाची? ती म्हणाली, "नळ काढायला याल तेव्हा सांगते." कोणी आलं नाही.

एक दिवस सासरे शेडमध्ये आले. बऱ्याच दिवसांनी. त्यांनी नव्या एक्सलभोवती चक्कर मारली. "डाव्या बैठकीचा जोड कच्चा आहे," ते म्हणाले. अबोल्यानंतर तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

"नाही."

त्यांनी चष्मा लावला, गुडघ्याला शिव्या घालत वाकले, नखाने जोड चाचपला. बराच वेळ लावला. "नाही," ते उठत म्हणाले. मग कोपऱ्यातला नारिंगी रंगाचा डबा उचलला.

"रंग नाही, मामंजी."

"का?"

"रंगाखाली काही दिसत नाही."

डबा हातात धरून ते उभे राहिले. "दर वर्षी मी रंग लावतो याला. आता मी काय करायचं?"

तिला वाईट वाटलं. पण ती मागे हटली नाही. "धुवायचा. बोट परत आली की दर वेळी, खालून."

"मी मिस्त्री आहे. धुणीभांडी करणारा नाही."

"मीही इथे बेअरिंग धुवायलाच लागले होते."

ते डबा ठेवून निघून गेले. पुढच्या सरावानंतर ट्रेलर पाण्यातून वर आला तेव्हा मात्र उताराच्या डोक्याशी, नळापाशी, खुर्ची टाकून सासरे बसले होते. रबरी नळी मांडीवर. त्यांनी चाकं धुतली, पाटे धुतले, आणि नळी गुंडाळायला लागले.

"आतली बाजू राहिली," ती म्हणाली.

"तुला काय दिसतंय तिथून?"

"नुसते ओघळ दिसतायत. खाली पाणी गेलंच नाही."

सासरे तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. ते काय होतं हे ट्रॅक्टरच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही, आणि तिने विचारलंही नाही. त्यांनी नळी परत सोडली आणि एक्सलच्या खाली पाणी धरलं.